चढणीला गाडी तापून थांबली. म्हातारी माणसं आणि लहान मूल सोबत असताना काय करावं?

गुहागरची_सून
मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय. गाड्यांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं, पण ते मायलेजवर आणि फीचर्सवर. गाडी अडनिड्या जागी थांबली आणि आत सत्तरीपुढची दोन माणसं असली, तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, हे एका जागी कुठे वाचायला मिळत नाही.

आमचं झालं ते असं. मे महिन्याच्या शेवटी गुहागरहून पुण्याला परत येत होतो. चिपळूण सोडून कुंभार्ली घाटाला लागलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पेट्रोल गाडी, नऊ वर्षांची. आत सासू-सासरे, नवरा, चार वर्षांची लेक, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि एसी चालू. घाटात गाडी मी चालवते. पोफळी मागे पडली, वळणं सुरू झाली, पुढे एक भरलेला ट्रक, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चाललो होतो. तेवढ्यात टेंपरेचरचा काटा मध्यावरून वर सरकताना दिसला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, हीटर आणि ब्लोअर फुल केला. काटा जरा अडला आणि पुन्हा चढायला लागला. लाल रेघेला टेकायच्या आत डोंगराच्या बाजूला रुंद जागा मिळाली, तिथे गाडी घेऊन इंजिन बंद केलं. किल्ली ऑन ठेवूनही रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता.

सासऱ्यांची बायपास झालेली आहे. बाहेर ऊन, आत बसवेना. कराडकडे जाणारी एक एस.टी. आपणहून थांबली. ड्रायव्हरदादांनी खाली उतरून बघितलं, "मॅडम, आता वर रेटू नका," म्हणाले. कंडक्टरनी आई-बाबांना आणि लेकीला पुढच्या सीटवर जागा करून दिली. नवरा त्यांच्यासोबत कोयनानगरपर्यंत गेला. तिथे सावली, पाणी, जेवण सगळं मिळालं. मी गाडीपाशी थांबले. विम्यासोबतच्या रोडसाइड असिस्टन्सची क्रेन चिपळूणहून यायला दुपार टळली.

आता प्रश्न. थंड झाल्यावर गाडी हळूहळू वर नेता आली असती का? क्रेनला इतका वेळ लागत असेल तर दुसरं कुणाला सांगायचं? आणि मी एकटीने मागे थांबणं योग्य होतं का, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

सांगलीचा_फिटर
ताई, इंजिन बंद केलंत ते वेळेवर केलंत. गॅरेजात आमच्याकडे ज्या गाड्या हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायला येतात, त्यांतल्या बऱ्याच "आता घाटमाथा आलाच होता" म्हणून रेटलेल्या असतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो. रेडिएटरला हवा दोन वाटांनी मिळते. गाडी वेगात असली की समोरून आपोआप येते, आणि वेग नसला की पंखा ओढून घेतो. सपाट रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने पंखा बंद असला तरी बहुतेक वेळा कळतही नाही. घाटात उलटं होतं. वेग वीसचा, इंजिनवर भार पूर्ण, बाहेरची हवा तापलेली, त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसून आपली उष्णता मागे सोडतोय. अशा जागी पंख्यावाचून गाडी वर चढणार नाही. थंड करून पुन्हा निघालात तर पुढच्या वळणांवर काटा परत वर.

पण एक वाट होती, ती बहुतेकांना सुचत नाही. मागे उतरायची. उताराला इंजिनवर भार जवळजवळ नसतो, उष्णता फार कमी तयार होते. बिघाड फक्त पंख्याचा असेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) कुठे गळत नसेल, बाटलीतली पातळी ठीक असेल, आणि इंजिन पूर्ण थंड झालेलं असेल, तर गाडी वळवून गिअरमध्ये सावकाश पोफळीपर्यंत उतरवता येते. खाली गॅरेज, माणसं, सावली सगळं आहे. मात्र इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर उतरायचं नाही. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड पडतं.

गळती असेल तर हा उपाय नाही. जमिनीवर हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी पाणी दिसलं, गोडसर वास आला, तर जागेवरच थांबा. आणखी एक धोका लक्षात घ्या. कूलंट जास्तच गेलं की सेन्सर पाण्याबाहेर पडतो आणि काटा उलट खाली येतो. माणसाला वाटतं गाडी थंड झाली. हीटर चालू असताना एकदम गार हवा यायला लागली तर समजावं की इंजिनात पाणी उरलेलं नाही.

जुना_चालक_नाशिक
फिटरभाऊंशी थोडा असहमत. आम्ही कसारा घाटात, सप्तशृंगीच्या चढाला अँबेसेडर आणि जीप चालवल्या. मागे पाण्याचा कॅन आणि गोणपाट कायम असायचं. गाडी तापली की थांबायचं, ओलं गोणपाट रेडिएटरवर टाकायचं, पाणी पाजायचं आणि पुन्हा निघायचं. दोन-तीन टप्प्यांत माणूस वर पोचायचा. घरची माणसं बरोबर असताना रानात तासन् तास बसण्यापेक्षा ते बरं. आता जरा काटा हलला की लोक क्रेन बोलावतात.

सांगलीचा_फिटर
काका, तुम्ही म्हणता ते त्या गाड्यांना लागू होतं. त्यांचं हेड आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचे होते. आजच्या जवळपास सगळ्या गाड्यांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ते वजनाला हलकं, पण जास्त तापलं की वाकतं. केसाएवढं वाकलं तरी हेडगास्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ सील) फुटतं, कूलंट सिलिंडरात जातं, आणि पाचशे-हजाराच्या रिलेवर (पंखा चालू करणाऱ्या विजेच्या स्विचवर) भागलं असतं तिथे हेड उतरवून मशीनवर घासून आणावं लागतं.

पाणी पाजण्याबद्दलही सांगतो. कूलिंग सिस्टिम दाबाखाली चालते. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण कॅपचा दाब साधारण एक बार धरला तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे कॅपच्या आत १००च्या वरचं पाणी शांत दिसतं. कॅप फिरवली की दाब एका क्षणात जातो आणि सगळं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. हात आणि चेहरे भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. बॉनेट उघडून कमीत कमी अर्धा-पाऊण तास थांबायचं. वरच्या होजला जाड फडक्याने हात लावून बघायचा, मऊ आणि कोमट लागला तरच कॅप. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जातो. कूलंट नसेल तर प्यायचं साधं पाणी तात्पुरतं चालतं, फक्त गॅरेजात पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या.

जुना_चालक_नाशिक
हेडच्या धातूचा मुद्दा पटला. आमच्या गाड्यांचा आडाखा आताच्या गाड्यांना लावू नये हे मान्य.

ओवीची_आई
गुहागरची_सून, तुम्ही आधी माणसं हलवलीत हे वाचून बरं वाटलं. यंत्राविषयी मला फार कळत नाही, पण मी नर्स आहे म्हणून माणसांविषयी सांगते.

उन्हात बंद उभी असलेली गाडी फार लवकर तापते. काच थोडी खाली ठेवली म्हणून लहान मुलाला किंवा झोपलेल्या आजीला आत ठेवणं सुरक्षित होत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा भराभर तापतं. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते, त्यामुळे "मला नको पाणी" म्हणाले तरी घोटघोट देत राहावं. हृदयाच्या रुग्णांपैकी काहींना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं, ते प्रवासाआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

औषधं डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, हाताशी ठेवा. इन्सुलिन असेल तर विशेष काळजी. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण ३० अंशांपर्यंत टिकतं. मे महिन्यात डॅशबोर्डवरची जागा त्याच्या कितीतरी पुढे जाते. छोटा थर्मास किंवा ओल्या कापडात गुंडाळलेली डबी, काहीही चालेल, पण बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. मधुमेह्याची जेवणाची वेळ टळली की साखर खाली येते. घाम, थरथर, एकदम चिडचिड दिसली तर गूळ, साखर, ग्लुकोज लगेच द्या.

आणि कुणाला छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, तर गाडीचा विचार सोडून १०८ला फोन करा.

रात्रपाळीवाला
महामार्गावरच्या मदत पथकात मी काम केलंय. या धाग्यात इंजिनबद्दल छान माहिती आली. पण बंद पडलेल्या गाडीमुळे माणूस जातो तो बहुतेक वेळा मागून येणाऱ्या गाडीमुळे, आणि हे मला मनापासून सांगायचंय.

१०० किलोमीटरच्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर कापते. तुम्ही त्रिकोण ५० मीटर मागे ठेवलात तर त्या चालकाला दोन सेकंदही मिळत नाहीत. द्रुतगती मार्गावर शंभर-दीडशे मीटर मागे जा. घाटात वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, म्हणजे चालकाला वळण घेण्याआधी दिसेल. ठेवायला जाताना कठड्याच्या पलीकडून किंवा अगदी कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला.

घरच्यांना डाव्या दारांनी उतरवा. उजवीकडचं दार रस्त्याच्या बाजूचं, ते उघडूच नका. सगळ्यांना कठड्यापलीकडे, आणि गाडीच्या पुढे न थांबवता मागच्या दिशेला थोडं दूर उभं करा. कुणी आपल्या गाडीवर आदळलं तर ती पुढे फेकली जाते. पलीकडे दरी असेल तर डोंगराच्या बाजूला न्या, पण पावसाळ्यात दरड सुटेल अशा ओल्या कड्याखाली थांबू नका. सगळ्यांत वाईट दृश्य मी कितीदा पाहिलंय: बाप डिकीत वाकून स्टेपनी काढतोय आणि मुलं मागे उभी राहून बघतायत.

रात्री हॅझर्ड लाइट चालू ठेवाच, सोबत आतला दिवाही लावा. आपल्याकडे ट्रकवाले झाडाच्या फांद्या तोडून मागे टाकतात, त्रिकोण नसेल तर तेही चालेल. पण निघताना फांद्या आणि चाकाला लावलेले दगड उचलून रस्त्याबाहेर टाका. तुमची गाडी गेल्यावर अंधारात त्या दगडावर दुचाकीवाला येतो. हे काम करायला एक मिनिट लागतं आणि ते कुणी करत नाही.

फोनबद्दल: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, हा क्रमांक चोवीस तास आणि निःशुल्क आहे. कुठलीही तातडी असेल तर ११२. तुमच्या सिमला नेटवर्क नसलं तरी ११२चा फोन मिळेल त्या कंपनीच्या नेटवर्कवरून जातो, म्हणून पट्ट्या दिसत नसल्या तरी लावून बघा.

गुहागरची_सून
रात्रपाळीवाला, मनापासून आभार. जागेबद्दल विचारायचं होतं. असिस्टन्सवाल्या मुलाने फोनवर मला "लँडमार्क सांगा" म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. घाटात काय सांगणार? शेवटी चालत जाऊन किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगितला.

रात्रपाळीवाला
अगदी बरोबर केलंत. पिवळ्या-पांढऱ्या दगडाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या-पांढऱ्याचा राज्य महामार्ग. रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटर, एवढ्यावर क्रेनवाला पोचतो. गुहागर-चिपळूण-कराड हा आता १६६ई आहे. दुसरा उपाय म्हणजे फोनचं जीपीएस इंटरनेट नसतानाही चालतं. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात, ते साध्या एसएमएसने पाठवा. एसएमएस अर्धवट नेटवर्कवरही जातो. ताम्हिणीत आणि वरंध्यात याचा फार उपयोग होतो.

डोंगरवाट
ताई, रागावू नका, पण एकटीने थांबणं मला पटलं नाही. घाट, दुपार, वर्दळ कमी. गाडी कुलूप लावून सगळ्यांनी एस.टी.ने जायला हवं होतं. गाडी विमा देईल.

गुहागरची_सून
रागावण्यासारखं काही नाही, माझे सासरेही हेच म्हणाले. माझा विचार असा होता: क्रेनवाल्याला किल्ली लागणार, गिअर न्यूट्रल करावा लागणार, गाडी कशी उचलतात ते बघणारं कुणीतरी हवं. नवऱ्याने थांबावं असं मीच आधी म्हटलं होतं. पण बाबांच्या गोळ्या, त्यांचे रिपोर्ट, कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा हे त्याला पाठ आहे. बाबांना काही झालं असतं तर तो तिथे असणं जास्त गरजेचं होतं. दिवस होता, गाड्या येत-जात होत्या, आणि कोयनानगरला पोचल्यावर तो दर थोड्या वेळाने फोन करत होता. अंधार पडायची वेळ असती तर मी गाडी सोडून गेले असते.

ओवीची_आई
मला तुमचा हिशोब पटतो. कोणी थांबायचं हे बाई की पुरुष यावर ठरवू नये. रुग्णाची माहिती ज्याला आहे तो रुग्णासोबत जाणार, गाडीची माहिती ज्याला आहे तो गाडीसोबत. तरीही मी एक भर घालीन. थांबणाऱ्याकडे जास्त चार्ज असलेला फोन आणि पॉवरबँक द्यायची, आणि किती वाजेपर्यंत थांबायचं ती वेळ जाण्याआधीच ठरवायची. ती वेळ झाली की गाडी लॉक करून निघायचं, मग क्रेन येवो न येवो.

डोंगरवाट
वेळ ठरवून घेण्याची कल्पना चांगली आहे. तेवढं असेल तर माझा आक्षेप मागे.

हायडेलबर्गकर
इथे जर्मनीत ऑटोबानवर आमची गाडी बंद पडली होती, तेव्हाचं सांगतो. इथे गाडीत चमकणारं जॅकेट ठेवणं २०१४ पासून सक्तीचं आहे. लोक ते डिकीत न ठेवता सीटखाली किंवा दाराच्या कप्प्यात ठेवतात, कारण घालायचं ते उतरण्याआधी. ऑटोबानच्या कडेला साधारण दर दोन किलोमीटरवर नारिंगी फोनचे खांब आहेत, आणि कडेच्या छोट्या खुंटांवर जवळचा फोन कुठल्या दिशेला आहे त्याचा बाण असतो. तिथून फोन केला की तुमची जागा त्यांना आपोआप कळते. एडीएसी ही वाहनचालकांची संघटना १९०३ सालची, तिची पिवळी गाडी येते आणि जमेल ती दुरुस्ती रस्त्यावरच करून देते.

पुण्याला येतो तेव्हा भावाच्या गाडीत घरातल्या प्रत्येकासाठी एक अशी जॅकेटं ठेवून आलोय. आपल्याकडेही ती दुकानात सहज मिळतात. रात्रीच्या पावसात माणूस दिसण्यासाठी याहून स्वस्त वस्तू नाही.

वऱ्हाडी_पाहुणा
आम्ही नागपूरवाले, आमच्याकडे घाट नाही पण समृद्धी आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा, काँक्रीट, आणि एप्रिल-मे मधलं आमचं ऊन. इथे गाडी तापण्यापेक्षा टायर फुटण्याची भीती जास्त. सरळ रस्ता, सारखा वेग, टायरला विसावा मिळत नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ते वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. स्टेपनीचाही आकडा बघा, ती बिचारी वर्षानुवर्षं हवेविना पडून असते. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, गाडीच्या दारावर कंपनीने लिहिलेल्या आकड्याइतकी. सामान आणि पाच माणसं असतील तर त्यासाठीचा वेगळा आकडा तिथंच दिलेला असतो. वाटेत टायर गरम असताना दाब वाढलेला दिसतो, तेव्हा हवा काढू नका. कमी हवेचा टायर जास्त लवतो आणि जास्त तापतो.

नवीन गाड्या घेणाऱ्यांनी डिकी उघडून पाहा. २०२० पासून नियमात सूट आहे, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट दिलं की कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. किटने खिळ्याचं भोक बुजतं, बाजू फाटली तर उपयोग नाही. आणि बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही, तिच्यावरच लिहिलेलं असतं.

पॉलिसी_वाचणारा
विम्याचा विषय निघालाय म्हणून. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक बिघाड येतच नाही, ती अपघातासाठी असते. तिच्यात गाडी ओढून नेण्याचा खर्च म्हणून जे १,५०० रुपये लिहिलेले असतात तेही अपघातानंतरचे. ताईंना क्रेन मिळाली ती रोडसाइड असिस्टन्सच्या वेगळ्या पुरवणीमुळे. घरी जाऊन आपली पॉलिसी उघडा आणि ही पुरवणी आहे का बघा. किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढतात, त्यापुढे दर काय, वर्षातून किती वेळा, आणि उरलेल्या माणसांना पुढे न्यायला टॅक्सी देतात का, हे चारही मुद्दे तिथे लिहिलेले असतात. तो क्रमांक फोनमध्ये सेव्ह करा आणि कागदावर लिहून सन व्हायझरला लावा.

तापलेली गाडी तशीच चालवून जे जास्तीचं नुकसान होतं ते विमा कंपन्या सहसा मान्य करत नाहीत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारल्यावर सिलिंडरात पाणी जाऊन इंजिन गेलं, तिथेही हाच वाद होतो. म्हणून थांबल्यावर फोटो काढा: काटा, बॉनेटखालचा भाग, रस्ता.

स्थानिक क्रेन बोलावली तर आधी अंतर आणि दर दोन्ही ठरवून घ्या, शक्यतो मेसेजवर.

सांगलीचा_फिटर
क्रेनचा विषय आलाच आहे तर टोचनबद्दल सांगतो. दोरी बांधून टोचन करायचं तर मागच्या गाडीची किल्ली ऑन हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. मागच्या चालकाला ब्रेक जड लागणार हे माहीत हवं, म्हणून लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्या गाडीत बसवायची नाहीत. घाटाच्या उताराला दोरीने टोचन करूच नका, दोरी सैल पडते आणि मागची गाडी पुढच्यावर येते.

ऑटोमॅटिक गाडीची इंजिनवर चालणारी चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढली तर गिअरबॉक्स जातो, कारण इंजिन बंद असताना आतलं तेल फिरत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढची चाकं उचललेली हवीत. इलेक्ट्रिक किंवा फोर व्हील ड्राइव्ह असेल तर सरळ फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, फोनवरच स्पष्ट सांगा. ऑटोमॅटिक धक्का मारूनही चालू होत नाही. बॅटरी उतरली असेल तर जंपर केबलच. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही.

आणि ताई, गॅरेजात काय निघालं ते इथे लिहा.

गुहागरची_सून
लिहिते. चिपळूणच्या वायरमनने पंख्याला थेट बॅटरीवरून करंट देऊन बघितला, तरी फिरला नाही. म्हणजे मोटरच जळालेली. नवीन मोटर दुसऱ्या दिवशी आली. हेडगास्केट शाबूत आहे का हे बघायला त्याने कूलंटच्या टाकीवर नळी लावून गॅस तपासला, चाचणीच्या द्रवाचा रंग बदलला नाही, म्हणजे सिलिंडरातला धूर कूलंटमध्ये येत नाहीये. काटा लाल व्हायच्या आत थांबल्यामुळे वाचलं, असं तो म्हणाला. आई-बाबा त्याच दिवशी कोयनानगरहून पुण्याला गेले.

सांगलीचा_फिटर
चांगला वायरमन भेटला. पंख्याची चाचणी घरी करता येते. गाडी जागेवर स्टार्ट करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर घाटात जाऊ नका. रस्त्यात अडलात आणि शंका रिलेची असेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र बघा, हॉर्नचा रिले पुष्कळदा त्याच मापाचा असतो, तो काढून पंख्याच्या जागी लावता येतो.

बाणेरची_मधुरा
मी नवीन आहे इथे. गणपतीला ताम्हिणीने माणगावला आणि तिथून पुढे खेडला जायचंय. गाडी डिझेल ऑटोमॅटिक, २०२१ची. सोबत आठ महिन्यांचं बाळ. सर्व्हिसिंग झालंय. आणखी काय बघू?

सांगलीचा_फिटर
२०२१ची म्हणजे बीएस-६. तुमच्या गाडीत अ‍ॅडब्लूची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी आहे का बघा. असेल तर ती भरून निघा. ते संपलं की गाडी आधी इशारे देत राहते, आणि पूर्ण संपल्यावर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होत नाही, डिझेल असलं तरी. शहरात नेहमी कमी अंतर चालवत असाल तर निघण्याआधी एकदा मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, म्हणजे एक्झॉस्टच्या फिल्टरमधली काजळी जळून जाते. उतरताना मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. जळका वास आला तर थांबून चाकं थंड होऊ द्या, त्यांच्यावर पाणी ओतू नका.

ओवीची_आई
बाळाचं दूध, गरम पाणी आणि कपडे ठरल्या वेळेपेक्षा निदान अर्ध्या दिवसाला जास्त पुरतील एवढे घ्या. छत्री आणि प्लास्टिकची चटई डिकीत सगळ्यांत वर ठेवा. पावसात कठड्यापलीकडे बाळाला घेऊन उभं राहायची वेळ आली तर सामान उपसत बसायला नको.

रात्रपाळीवाला
मधुराताई, ताम्हिणीत शिरण्याआधी पौडला किंवा मुळशीजवळ घरी फोन करून किती वाजता घाटात शिरताय ते सांगा, आणि माणगावला पोचल्यावर पुन्हा. मधल्या बऱ्याच भागात फोन लागत नाही. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर प्रशासन सुविधा केंद्रं उभी करतं, तिथे दुरुस्तीची आणि वैद्यकीय मदत असते, आणि क्रेनही नेहमीपेक्षा लवकर मिळते. माणगावच्या पुढे काही खटकलं तर गाडी तशीच खेडपर्यंत न नेता पहिल्या केंद्रावर दाखवा. शक्य असेल तर पहाटे निघून ताम्हिणी उजेडात पार करा.

बाणेरची_मधुरा
अ‍ॅडब्लूची टाकी आहे, पाव भरलेली निघाली. उद्याच भरून घेते. घाटात शिरायची वेळ सासऱ्यांना सांगून ठेवते.